शेवटची रेघ

कारवीवाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्याकाठी, एक काळी शिळा उभी आहे. तिच्यावर तीन बाजूंनी भिंती कोरलेल्या असून आत दोन तिरक्या रेघांचा माणूस आहे. खालची बाजू मोकळी आहे. पाहुण्यांना ती दाखवताना बारकूबुवा ढेबे आधी पायताण काढतात आणि मग सांगू लागतात.

इंग्रजी अमलात समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी येथे घाटरस्ता फोडत असत, असे सांगतात. त्यांच्या फावड्यांवर आणि घोंगड्यांवर साहेबाने एकच चिनी अक्षर रंगवून घेतले होते: चौकटीतला माणूस, म्हणजे बंदी. लिम नावाचा पाथरवट त्यांच्यातलाच. त्याचा सोबती तापाने गेला, तेव्हा थडग्याच्या शिळेवरही तेच अक्षर कोरण्याचा हुकूम लिमला झाला. त्याची स्वतःची सुटका त्या वेळी साहेबाच्या एका शब्दावर आली होती.

हे अक्षर लिहिण्याचा एक क्रम असतो. आधी तीन भिंती, मग आत माणूस आणि सर्वांत शेवटी खालची रेघ. माणूस आत आला की दार लावून घ्यावे तशी. फावड्यांवर ती रेघ लिमने किती वेळा ओढली असेल! शिळेवर मात्र माणूस पुरा झाला आणि त्याचा हात थांबला. जन्मभर ज्याला दुसऱ्यांनी कोंडले, त्याला मेल्यावर आपण कोंडायचे? त्याने छिन्नी झऱ्यात फेकली म्हणे.

मुकादम धावत आला. "अरे लिम, वेड लागलं का? एक रेघ राहिलीय. ओढ आणि जा की घरी!"

"तो मेला. सुटला," लिम मोडक्या मराठीत म्हणाला. "दार मी लावत नाही."

"मग तूही सुटत नाहीस."

"नाही तर नाही."

कैद्यांना दूध घालणारी ठकू ढेबे घागर टेकवून हे पाहत होती. मुकादमाने चिडून, रेघ ओढायला नवऱ्याला छिन्नी घेऊन पाठव, असे तिला सांगितले, तशी ती फणकारली, "आमचा धनी म्हसरं कोंडतो, मुडदं न्हाय! तुमचा सायब लई शिकल्याला हाय न्हवं? ओढू द्या की त्यालाच!"

रेघ कोणीच ओढली नाही. लिम बंदिवासातच वारला, असे म्हणतात. त्याला कोठे पुरले, हे खात्रीने सांगता येत नाही.

अक्षर मात्र राहिले. ते वाचता न येणाऱ्या ठकूला त्यात दार उघडे टाकलेले घर दिसले. तिच्या सुना-नातींनी त्याचा अर्थ 'आसरा' असा केला. पुढे जंगलातून वाडी उठवण्याची नोटीस आली, तेव्हा तेच अक्षर गेरूने भिंतीभिंतीवर उमटले आणि त्याचा अर्थ झाला, 'आम्हांला हलवून पाहा.' वाडी हलली नाही.

आजही येथील एकाही घराला उंबरठा नाही. घरकुलाचा ठेकेदार सिमेंटचा उंबरठा घालून जातो. लग्नाची वरात दाराशी आली की सासू माप बाजूला सारते आणि नव्या सुनेच्या हाती घण देते. पहिला घाव तिचा.