धुराचा पहारा

एका राज्यात एक राजा होता आणि तो मनाने वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण गोष्ट पुढे गेल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

एकदा त्याच्या नगरात एक लेकरू उपासमारीने गेलं. राजाला फार लाज वाटली. दोन दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र भूक लागली, तेव्हा जेवून घेतलं आणि दिवाणजींना बोलावून हुकूम दिला, "माझ्या नगरात पुन्हा एकही पोर उपाशी राहता कामा नये."

दिवाणजी भारी हुशार. त्यांनी नगराच्या मधोमध उंच बुरूज बांधला. चूल पेटली की धूर येतो, धूर आला म्हणजे घरात शिजतंय, शिजतंय म्हणजे पोरं जेवतायत, असा त्यांचा सरळ हिशोब. रोज दिवेलागणीच्या आधी बुरुजावरून सगळी घरं न्याहाळायची. सगळीकडे धूर दिसला तर पांढरा बावटा लावायचा. एखाद्या घरातून धूर येत नसेल तर त्या घराच्या दिशेला काळा. काळा बावटा दिसला की दिवाणजींची गाडी सुटायची, त्या घरातली पोरं उचलायची आणि थेट बालमहालात नेऊन ठेवायची.

आणि बालमहाल तरी कसा! दूध काय, भात काय, तूप काय, मऊ गाद्या काय. आईबापांना वर्षातून दोन सणांना फाटकाच्या बाहेरून पोरांचं तोंड बघता यायचं. आता एवढं सगळं मिळाल्यावर आई कशाला हवी, असं दिवाणजींना मनापासून वाटायचं.

बुरुजावरच्या पहाऱ्याला त्यांनी एक बाई नेमली. बाईमाणसाला चुलीतलं कळतं म्हणून. ही पहारेकरीण विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं. ती डोळ्यांत तेल घालून काम करायची. पहिल्या वर्षी तिने चार वेळा काळा बावटा लावला आणि चारही वेळा तिला वाटलं, आज एक घर वाचलं. पुढच्या वर्षी एकदाही काळा बावटा लावावा लागला नाही. नगरात आनंदीआनंद. परगावचे लोक बुरूज बघायला यायला लागले.

उपासमार गेली कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

अहो, जाते कुठे! ती घराच्या आत जाऊन बसली. पूर्वी कसं, डब्यात पीठ नसलं की बाई शेजारणीकडे वाटी घेऊन जायची. "वाटीभर पीठ दे गं, आठवड्यात परत करते." शेजारीण द्यायची, चार गोष्टी व्हायच्या, पोरांच्या पोटात भाकरी जायची. आता वाटी घेऊन जायची सोयच राहिली नाही. शेजारीण कुठे बोलली तर? गाडी आली तर? म्हणून ज्याच्या घरी दाणा नाही, तोसुद्धा संध्याकाळ झाली की आधी चूल पेटवायचा. तव्यावर काही नसेना का, वर धूर जायला हवा.

आता पहारेकरणीचं ऐका. उतारावरच्या एका बुरडाच्या घरातून सगळ्यात दाट धूर यायचा. बुरूड गेल्या साली तापाने गेला होता. त्याची बायको सुपं-टोपल्या विणून पोट भरायची आणि तिला चार वर्षांची एक मुलगी होती, बकुळी. बकुळी अंगणात बांबूच्या चोयांशी खेळायची ते वरून दिसायचं. पहारेकरणीला तिचा लळाच लागला होता. पण हल्ली बकुळी खेळेना. भिंतीला टेकून बसून राहायची. धूर मात्र रोजच्यासारखा.

एका दुपारी पहारेकरीण बुरूज उतरून तिथे गेली. बघते तर बुरडिणीचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला. कोयता लागून जखम चिघळली होती. घरभर बांबूच्या चोया, ढलप्या, जळण हवं तेवढं. पिठाचा डबा पालथा.

"अगं, मग रोज चूल कशाची पेटवतेस?"

बुरडिणीने सुजलेला हात पदराआड घेतला. बकुळीच म्हणाली, "मावशी, आमच्याकडे चूलच जेवते. आम्ही नाही."

बुरडिणीने डाव्या हाताने तिचे पाय धरले. "मावशी, बावटा लावू नका. पलीकडच्या घरातले दोघं भाऊ नेले ना, धाकटा आता आईला ओळखत नाही. माझा हात बरा झाला की मी टोपल्या विणीन. पंधरा दिवस, फार तर महिना. तेवढं निभवायचं आहे हो."

पहारेकरणीने स्वतःची भाकरी तिथेच दोघींना दिली आणि तशीच तरातरा दिवाणजींकडे गेली.

"दिवाणजी, एका घराला महिनाभर ज्वारी द्या. हात बरा होईपर्यंत."

"पोर आहे का घरात?"

"आहे. म्हणून तर आले."

"मग काळा बावटा लाव. आज संध्याकाळी दूधभात मिळेल तिला."

"तिची आई चांगली आहे हो. मारत नाही, झोडत नाही, टाकून जात नाही. नुसतं धान्य नाही. बालमहालात जे देता, त्यातलं मूठभर घरी द्या."

"घरी द्यायचा नियम नाही," दिवाणजी म्हणाले. "नियम पोरांसाठी आहे, आयांसाठी नाही. आणि तू बुरूज सोडून इथे कशी? पुन्हा खाली दिसलीस तर दुसरी बाई नेमीन."

झालं. पहारेकरीण मुकाट्याने वर चढली. सूर्य कलला होता. बुरडिणीच्या घरातून धूर येत होता, दाट, रोजच्यासारखा. एका हातात पांढरा बावटा, एका हातात काळा. काळा लावावा तर आईपासून लेक तुटते. पांढरा लावावा तर लेक उपाशी. दुसरी बाई नेमतील ही भीतीही होतीच, खोटं कशाला बोला. तिने स्वतःला समजावलं, बाई कामसू आहे, हात लवकर बरा होईल. आणि तिने पांढरा बावटा लावला.

दुसऱ्या दिवशीही पांढरा. तिसऱ्या दिवशीही. ती खाली उतरली नाही. अकरा दिवस रोज संध्याकाळी तिने राजाला कळवलं की नगरातली सगळी लेकरं जेवली.

बाराव्या दिवशी बकुळीला ताप भरला. साधाच ताप, पण झुंजायला अंगात काही हवं ना. सकाळी भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. पहारेकरणीने वरून पाहिलं, चारपाच माणसं ओढ्याकडे निघाली होती आणि पुढच्याच्या हातांवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फार लहान होतं ते.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. बुरडिणीचीही पेटली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घरातून धूर आला नाही. पहारेकरणीने डोळे पुसले, काळा बावटा लावला, आणि कुणाला न विचारता बुरूज उतरली.

गाडी आली, बरं का! अगदी वेळेवर. तिच्यात गरम दुधाची चरवी, नवं घोंगडं, खेळायला भिंगरीसुद्धा. मागोमाग दिवाणजी घोड्यावर. अंगणात शेजारणी जमल्या होत्या. रीत म्हणून जी ती काही घेऊन आली होती, कुणी पिठलं, कुणी भात. सगळ्यांच्या घरचं थोडं थोडं. बुरडिणीपुढे एवढं अन्न कधी आलं नव्हतं, आणि जिच्यासाठी हवं होतं ती नव्हती.

"पोर कुठाय?" गाडीवानाने विचारलं.

एका शेजारणीने ओढ्याकडे हात केला. तेव्हा त्याला कळलं आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

दिवाणजी चिडले. "आधी का नाही सांगितलंत? सांगा, आणखी कुणाकुणाच्या घरी चूल रिकामी जळते?"

बायकांनी एकदा दिवाणजींकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. ज्यांच्या कडेवर पोरं होती त्यांनी ती पदराआड घेतली.

तेव्हा बुरडीण उठली. "मी सांगते दिवाणजी. आता मला सांगायला हरकत नाही. माझ्याकडून न्यायचं काही उरलं नाही. माझी चूल महिनाभर रिकामी जळत होती. या सगळ्यांचं मी सांगणार नाही. त्यांची पोरं अजून जिवंत आहेत."

गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा ढसाढसा रडला. खोटं नाही, खरंच रडला. त्याने पहारेकरणीला दरबारात बोलावून विचारलं, "बाई, तू एवढी वर्षं वरून पाहिलंस. सांग, काय करू?"

"महाराज, मला शिक्षा करा, कारण मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण नंतर ती गाडी उलटी चालवा. येताना धान्य भरून येऊ दे, जाताना रिकामी जाऊ दे. मग बायका आपणहून दार उघडतील. खरंच एखाद्या घरात पोर सुरक्षित नसेल, तर तेही त्याच तुम्हाला सांगतील."

राजा विचारात पडला. दिवाणजी त्याच्या कानाशी लागले. बराच वेळ लागले होते.

मग राजाने हुकूम काढला. पहारेकरीण कामावरून दूर. गाड्या एकाच्या दोन. आणि धूर नीट दिसत नाही म्हणून घोटाळा झाला, तेव्हा बुरूज आणखी दोन मजले उंच.

तात्पर्य काय म्हणाल, तर एवढंच: जिथे मदत मागितली की लेकरू हिरावलं जातं, तिथे आया मदत मागत नाहीत, खोटा धूर करतात. लेकरू वाचवायचं असेल तर आधी त्याच्या आईची भीती घालवा, मग वाटेल तेवढे पहारे बसवा.