बाकावरचा मारेक

खालच्या आळीत रेणुका घोलप राहायची आणि वर टेकडीवर, पिराची दिवाबत्ती बघत, गुलाबबाबा मुजावर राहायचे. दोघांना नाद एकच... मोबाइलवरच्या बास्केटबॉलचा. त्यात आपण धावायचं नाही. संघ सांभाळायचा, दर हंगामाला नवी पोरं पारखून घ्यायची, शिकवून तयार करायची. पोरं खोटी, चेंडू खोटा. जीव तेवढा खराच लागतो.

बाबांनी घडवलेली पोरं वरच्या गटातल्या कितीतरी संघांतून खेळत. म्हणून रेणुका वही घेऊन टेकडी चढली.

"दोनशे पोरं तपासलीत, बाबा. उंची, वय, नेम, सगळं लिहिलंय. माझ्यासारखी पारख कुणाची नसेल. यातला कोण घेऊ?"

बाबांनी वही उघडली नाही.

"आधीचा कुठाय?"

"कोण?"

"तो सातफुटी. तुझ्या भावानं निवडलेला."

रेणुकाची बोटं फोनवर आवळली. तिच्या भावानं, सुहासनं, या मारेकला निवडलं आणि आठ दिवसांत सुहास गेला. त्याला आता तीन हंगाम झाले.

"आहे की. राखीव, बाकावर."

"या खेळात मैदानात उतरेल तोच शिकतो, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"वय किती झालं?"

"परवा बावीस पुरी होतील."

"मग शिकणं सरतच आलं. बाविशीनंतर या खेळात कुणी शिकत नाही."

"त्याला लागलं तर?" रेणुका म्हणाली. "गुडघा गेला की गेला, बाबा. दर सामन्याआधी तीनदा यादी बघते मी, चुकून त्याचं नाव खेळणाऱ्यांत गेलं नाही ना. तव्यावर भाकरी करपते, पण बघून येते."

बाबांनी आपला फोन पुढे धरला. चार नावांपुढे दुखापतीची लाल खूण.

"हा संघ आहे की दवाखाना?" रेणुका बोलून गेली. "माझ्या मारेकला तीन हंगामांत साधा ओरखडा नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बाबा उठले. डोईची टोपी सारखी केली. निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकला. दोन्ही हात पसरले, डोळे मिटले आणि हलक्या आवाजात पढू लागले.

ते बोल रेणुकानं ओळखले. शेजारच्या जमीलाचाचीला कबरस्तानात नेलं, त्या दिवशी हेच ऐकले होते. मधेच मारेकचं नाव आलं.

"बाबा, हे तर गेलेल्या माणसासाठी..."

बाबा थांबले नाहीत.

पिराच्या दारात मुजावराचा हात कुणी धरत नाही. रेणुकानं धरला.

"थांबा. जिवंत आहे तो, बाबा. जिवंत आहे."

बाबांनी डोळे उघडले.

"मला कशाला सांगतेस, पोरी? त्याला सांग."