करंजावर टांगलेला प्लग

“पिराला वाहिलेलं परत मागता येतं का, बाबा?”

हिराजीने विचारलं तेव्हा बेटावरचा फकीर चूल फुंकत होता.

त्या सकाळी निरोप आला तेव्हा हिराजी ओट्यावर जाळं सांधत बसला होता. ऊन रोजचंच. मांजरही रोजच्याच जागी. पैलगावचा थोरला भाऊ, काशादादा, पहाटे झोपेतच गेला होता. पाणी उतरायच्या आत पोचला तरच तोंड दिसणार होतं.

त्याने बोट काढली, पण निम्म्या खाडीत इंजिन ठसकू लागलं. ठिणगीच्या दोन प्लगांपैकी एकाची टोपी काढली की ते मरे; दुसऱ्याची काढली तरी त्याला पत्ता नसे. म्हणजे दुसरा गेलेला. पुसला, घासला, उन्हात धरला... ठिणगी नाही. जादा प्लग जवळ नव्हता; दुकानदार महिनाभर ‘उद्या येतील’ म्हणत होता. शेवटी बोट वाहत वाहत पिराच्या बेटाला लागली.

तिथल्या करंजाला प्लगच प्लग. इंजिनात नवा बसवला की जुना पिराला टांगायचा, ही खाडीची रीत. वारा आला की सारं झाड किणकिणे, पाण्याखाली कुणी घंटा वाजवावी तसं.

“ह्यातला एखादा चालेल,” हिराजी म्हणाला.

“मेलेल्यांत जिवंत शोधतोस?” फकीर हसला. उठला. एका फांदीवरची पुरचुंडी सोडून त्याने पुढे धरली.

प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, ग्रीस लावलेला. कोरा.

“नवा कुणी टांगला?”

“काशाने. गेल्या पुनवेला.”

हिराजीने हात मागे घेतला. बापाची बोट दादाने स्वतःकडे ठेवली तेव्हापासून दोघांत अबोला होता. ‘त्याच्या हातचं पाणी घेणार नाही,’ असं हिराजी ह्याच झाडाखाली बोलून गेला होता.

“मी म्हटलं, वेड्या, नव्याची मन्नत कसली? तर म्हणतो, हिरू जादा प्लग जवळ ठेवत नाही कधी. बोट बंद पडली की वाहत इथंच येणार.”

वारा पडला. झाड गप्प झालं...

फकीर हात पुढे करून तसाच उभा. पाणी उतरत होतं; खडकावरची ओली रेघ दिसू लागली होती.

हिराजीने प्लग घेतला. बसवला. दोरी ओढली. इंजिन एका सुरात बोलू लागलं.

जुना त्याने करंजाला बांधला. डोळे पुसले नाहीत.

“बाबा... आणखी काही म्हणाला?”

“दुकानात एकच मिळाला म्हणाला.” फकिराने बोट पाण्यात लोटली. “त्याच्या स्वतःच्या बोटीतला गेलेला प्लग अजून बदलायचा राहिलाय.”