अळणी आमटी

"अजून एक वर्ष काढू, बुवा, की मोडून टाकू सगळं?"

हेरंबने हे मठाच्या पायरीवर बसता बसताच विचारलं. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

रामगीरबुवा तूरडाळ निवडत होते. हेरंब लहानपणी याच मठात शिकायला होता, तेव्हाही ते असेच कधी मान वर करत नसत.

"मांडीवर काय आहे?"

"काठी. उघडली की तिला तीन पाय फुटतात, वर बैठक होते. म्हाताऱ्या माणसांसाठी. चालता चालता दमलं की…"

"बघू." बुवांनी हात पुढे केला.

हेरंबने काठीवरच्या फडक्याची गाठ आणखी आवळली. "अजून तयार नाही. मुठीचा रंग मनासारखा येत नाहीये."

बुवांचा हात पुन्हा डाळीकडे वळला.

चांगली नोकरी सोडून हेरंबने ही काठी करायला घेतली, त्याला चार वर्षं होत आली. आधी लाकडाची केली, मग ॲल्युमिनियमची. मग मूठ बदलली. मग नाव शोधण्यात अख्खा पावसाळा गेला. एवढ्या काळात एकही म्हातारं माणूस तिच्यावर बसलं नव्हतं. लोकांपुढे जाईल ती बिनचूक वस्तूच जाईल, असा त्याचा बाणा होता. बाणा कसला, भीतीच ती! पण बाणा म्हटलं की मान ताठ ठेवता येते.

"मृणाल सोडून चालली, बुवा. पहिल्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून करतोय हे. म्हणते, आहे तशी चार म्हाताऱ्यांना दे, नाहीतर मी निघाले. तिला नुसती घाई…"

"आणि तुला?"

"मला…" हेरंब थांबला. "मला सकाळी उठून ती काठी हातातच घ्यावीशी वाटत नाही."

"दमलास," बुवा म्हणाले.

इतकं साधं कुणी त्याला म्हटलंच नव्हतं. हेरंबच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"डाळ घे. आज आमटी तू कर. माझे गुडघे चुलीपाशी बसू देत नाहीत."

हेरंब स्वयंपाकघरात गेला. हात जुन्या सवयीने चालत होते, डोक्यात मृणाल होती. फोडणी दिली, चिंच-गूळ घातला, कोथिंबीर अगदी बारीक चिरून वर पेरली. नैवेद्य दाखवण्याआधी पळी जिभेला लागता कामा नये, हा मठाचा दंडक त्याने आजही पाळला. देवापुढे ताट ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मग बुवांना वाढलं.

बुवांनी एक घास घेतला आणि थांबले.

"चाखली होतीस?"

"नैवेद्याची आमटी, बुवा. कशी चाखणार?"

"देवाला दाखवलीस?"

"दाखवली."

"काय म्हणाला?"

हेरंबने देवापुढच्या ताटाकडे पाहिलं.

बुवांनी पातेल्याकडे बोट केलं. हेरंबने पळीभर आमटी हातावर घेतली, तोंडात घातली. सगळं होतं, फक्त मीठ नव्हतं. चिमूटभरसुद्धा नव्हतं.

"मीठच राहिलं, बुवा."

"देवाने तर ताट परत केलं नाही."

हेरंब उभाच राहिला. वरची कोथिंबीर छान हिरवीगार दिसत होती. तिच्याकडे पाहून त्याला हसूही आलं आणि लाजही वाटली.

मग तो पायरीवर गेला आणि फडक्याची गाठ सोडली. काठी आणून त्याने बुवांपुढे उघडून ठेवली. मूठ अर्धी निळी होती, अर्धी कोरी.

"बसा, बुवा."

बुवांनी हात धुतले. त्याच्या खांद्याला धरून बेताबेताने बसले. बैठक डगमगली नाही. पण पाय जमिनीला टेकेनात, वरच लोंबकळत राहिले.

हेरंब चांगला उंच. चार वर्षं तो स्वतःच बसून पाहत आला होता.

त्याने कपाळावर हात मारला. मग धाडस करून बुवांच्या तोंडाकडे पाहिलं…

"उंच आहे," बुवा पाय हलवत म्हणाले. "जा, मीठ आण."