महाराज गालिच्यावर पोहले

सुरंगगडच्या महाराजांच्या सोन्याच्या घड्याळात पाणी शिरलं!

साधंसुधं घड्याळ नव्हतं ते. बुडी मारली तरी टिकटिकत राहणारं, विलायतेहून आलेलं! त्याची किल्ली आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची. तिच्या मुळाशी मेण लावलेली चामड्याची चकती. थेंबाची काय बिशाद आत शिरायची! ती चकती महिन्यापूर्वीच गावच्या सदबा घड्याळजीनं बदलली होती. पुढच्या पंधरवड्यात सदबा तापानं गेला. आता जाब द्यायला उरला त्याचा धाकटा भाऊ, धाकू.

धाकू म्हणजे दोन इयत्ता आणि तीनदा नापास. सदबा त्याला सांगायचा, "घड्याळाला हात लावण्याआधी शंभर मोज." धाकूला चाळीसच्या पुढे येत नसे. तो चाळीसला हात घालायचा आणि लगेच काहीतरी तुटायचं.

"तुझ्या भावानं कच्चं काम केलं!" महाराज गरजले. काचेला आतून वाफ धरली होती आणि काटे आठावर अडले होते. "त्याच्या दुकानाची पाटी उतरवून खाडीत फेका!"

"खबरदार!" धाकू ओरडला.

दरबार थिजला. खबरदार, आणि तेही महाराजांना! धाकूला ते जरा उशिरानंच उमगलं.

"म्हणजे... मीच खबरदार. मला स्वतःला म्हणालो, महाराज. पण दादाच्या नावाची तेवढीच एक पाटी आहे हो!"

महाराजांच्या मिशा हलल्या. "मग पाणी कुठून शिरलं ते दाखव. पण घड्याळ उघडायचं नाही. तुझ्या हाताची कीर्ती आम्ही ऐकून आहोत! आणि आता पाण्याचा एक थेंबही वापरायचा नाही. दाखवशील?"

"दाखवतो!"

हे तोंड बोललं. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात राजवाड्याच्या घंटेनं नवाचे टोले दिले. महाराज दिवाणसाहेबांशी बोलत होते, पण त्यांची बोटं आपसूक मनगटावरच्या बंद घड्याळाची किल्ली फिरवू लागली.

धाकू बघतच राहिला. शेवटच्या दिवशी दादाला माणसं ओळखू येत नव्हती. पण बोटं मात्र गोधडीच्या काठाला किल्ली देत होती. धाकूनं ती बोटं हातात धरून ठेवली होती. सोडली, तेव्हा ती थांबलेली होती.

त्यानं बाहीनं नाक पुसलं. "उद्या सकाळी दाखवतो, महाराज. आपण रोज तलावात उतरता ना, त्याच वेळेला."

दुसऱ्या दिवशी, आठाला थोडा वेळ असताना, धाकू दरबारात हात जोडून उभा राहिला.

"महाराज, घड्याळ मनगटावर बांधा आणि पोहा."

"कुठे?"

"या गालिच्यावर."

"अरे गाढवा!" दिवाणसाहेब किंचाळले.

"दादाही हेच म्हणायचा, दिवाणसाहेब. पण थेंबभरही पाणी नको, हा हुकूम माझा नाही!"

महाराज हट्टी खरे, पण शब्दाचे पक्के. ते गालिच्यावर पालथे पडले आणि सपासप हात मारू लागले. पगडी घरंगळली. पायाच्या फटक्यानं पानाचा डबा उडाला. दोन सरदारांना एकदमच खोकला लागला.

"रोज करता ते सगळं करा हं, महाराज! काही राहायला नको!"

"आता आम्ही पैलतीराला पोचलो," महाराज धापा टाकत म्हणाले आणि उठून उभे राहिले. "इथे गळ्याभर पाण्यात उभं राहून दम खातो."

टण्! टण्! आठाचे टोले पडू लागले. महाराजांच्या बोटांनी किल्लीचे आटे सोडले, किल्ली बाहेर ओढली आणि अडलेले काटे एक फेरा फिरवून पुन्हा बरोबर आठावर आणले.

"हात तसाच ठेवा, महाराज!" धाकू ओरडला. "आत्ता आपण कुठे आहात?"

"सांगितलं ना, गळ्याभर पा—"

महाराजांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी खाली पाहिलं. मनगट कमरेपाशी होतं आणि किल्ली उघडी.

"दादानं दार घट्टच लावलं होतं, महाराज! पाण्यात उभं राहून ते रोज धन्यानंच उघडलं!"

दिवाणसाहेबांनी डोळे मिटून घेतले. महाराज मात्र हसू लागले. इतके हसले, की पुन्हा गालिच्यावर बसले!

"सदबाची पाटी आमच्या तलावाच्या दारावर लावा!" त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून धाकूच्या हातात घातलं. "आणि आजपासून तू आमचा घड्याळ-राखण्या. रोज काठावर उभं राहायचं. आठ वाजले की ओरडायचं!"

"काय ओरडू, महाराज?"

"खबरदार!"

पाटी धाकूनं स्वतः लावली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. महाराज बघायला आले, मान वाकडी करून थोडा वेळ उभे राहिले आणि पुन्हा खो खो हसत सुटले.

पाटी उलटी लागली होती!