ठकूबाईला बघवली नाही ती बंडी

फार वर्षं झाली. किती ते विचारू नका. ओढ्यावरचा हा वड तेव्हा काठीएवढा होता, असं म्हणतात. ओढ्याकाठी रंगाऱ्यांची चार घरं होती, आणि त्यांत पहिलं नाव ठकूबाईचं. जत्रेत देवापुढं नाचणाऱ्या मानकऱ्याची बंडी रंगवायचा मान तिचा. एक नाही, दोन नाही, अठरा वर्षं. तिच्या निळीपुढं आभाळ फिकं पडायचं, असं म्हणतात. तिनंच म्हणायला लावलं असेल, पण म्हणतात.

एकोणिसाव्या वर्षी पंचांनी तो मान उचलला आणि तिच्या धाकट्या जावेला, चिमाला दिला.

चिमा कमी बोलायची. दोन उन्हाळे ती बांधावर बसून नीळकंठ बघत होती. बसलेला असला की मातकट, कुणी वळूनही बघणार नाही असा. उडाला की पंखातनं निळं सांडतं. पंचांना तिनं एवढंच सांगितलं, की अशी बंडी करीन, माणूस उभा राहिला तर मातीचा, हात वर केले तर पाखराचा.

ठकूबाईला भाकरी गोड लागेना. कुडाच्या फटीला डोळा लावून ती दिवसभर बघायची. चिमानं काताचा मातकट रंग किती वेळा दिला, हात वर केल्यावरच दिसणाऱ्या काखेच्या कळीला गाठी कुठं बांधल्या, कापड कधी बुडवलं, कधी वर काढलं, एक गोष्ट सुटली नाही तिच्या नजरेतनं. काही चुकावं म्हणून बघत होती. चुकत नव्हतं.

उजवी बाही झाली आणि निळीचा रांजण रुसला. वरचा तांबूस फेस गेला, पाणी मेल्यासारखं पडलं. डावी बाही बुडवली तर राखेसारखी वर आली. जत्रेला चार दिवस, आणि पाखराला एकच पंख. चिमानं गूळ घालून बघितला, टाकळ्याचं बी उकळून घातलं, रांजण गोधडीत गुंडाळला. काही होईना.

आळी म्हणाली, ठकीची नजर लागली. पंच तिच्या दारात आले. तिनं नाही म्हटलं नाही.

"लागली असेल. मला बघवत नाहीच," ती म्हणाली.

पंचांनी सांगितलं, चल, मीठमिरच्या ओवाळ आणि चार माणसांत चुकलं म्हण. ती निघाली. मीठमिरच्या उंबऱ्यातच टाकल्या आणि तरातरा जाऊन रांजणापुढं बसली. चिमा घाबरली.

"अक्का, काय बोलायचं ते मला बोला. रांजणाला नको."

"तुला कशाला बोलू? तू फुगशील."

मग तिनं रांजणात तोंड घातलं आणि बोलली. सगळ्या आळीनं ऐकलं.

"तो काताचा रंग बघवत नाही मला. पहाटे नांगरलेलं रान असतं तसा आहे. जन्मभर मी त्या रानातनं चालले, मला नाही दिसला. ते काखेतलं निळं बघवत नाही. बोटभर जागेत सात निळ्या छटा, आणि एक दुसरीच्या अंगावर जात नाही. पहिली तर दुधावर सावली पडावी तशी. माझ्या हातनं एकदा तरी असं व्हायला पाहिजे होतं. नाही झालं."

रांजण गदगदला. खालनं फेस वर आला, तांब्यासारखा, आणि काठावरनं वाहिला. बोलताना तिनं पदराआडनं त्यात काहीतरी सोडलं, असंही म्हणतात. म्हणोत. अठरा वर्षं मानाची बंडी रंगवलेली रंगारीण होती ती, रिकाम्या हातानं कशाला जाईल?

चिमानं कापड बुडवलं. हिरवं वर आलं, वारा लागला, निळं झालं.

जत्रेत मानकरी उभा राहिला तेव्हा लोक कुजबुजले, की ही कसली मातेरी बंडी. हलगी कडाडली, त्यानं हात वर केले, आणि ओढ्याकडचे सगळे नीळकंठ उठून त्याच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागले, असं म्हणतात. बायाबापड्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ठकूबाईनं शेवटपर्यंत बघितलं, घरी गेली, आणि उपाशी झोपली. जळणं काही गेलं नाही तिचं. का जावं? पण पुढं दरसाल चिमा बंडी झाली की आधी तिच्याकडं आणायची. दुसऱ्या कुणाला तेवढं दिसायचं नाही.

दोघी गेल्या. त्यांचे रांजणही फुटले. पण जत्रेची बंडी अजून घरीच रंगवतात, आणि देवाकडं न्यायच्या आधी ती ठकूबाईच्या नावानं आळीतल्या एका बाईच्या मांडीवर ठेवतात. बाई कोण, ते रंगवणारीनंच ठरवायचं. जिचा सगळ्यात जास्त जळफळाट होणार, ती. तिनं बंडी उलगडायची, सगळ्यांदेखत बोट ठेवून सांगायचं, की हे बघवत नाही मला, आणि हे. मग हलगी वाजते.

आणि ती बाई नुसतं "छान आहे" म्हणाली, तर बंडी परत रांजणात जाते.