खाली गेलेल्या माणसाची दोरी

फार जुनी गोष्ट आहे. एका आखाताच्या पश्चिमेला अरबांचा सुलतान राज्य करायचा आणि पूर्वेला इराणचा शहा. मधल्या समुद्राच्या तळाशी मोती होते. ते काढायची तिथली रीत मोठी शहाणपणाची. बुडी मारायची ती अरबाने आणि त्याच्या कमरेची दोरी धरायची ती इराण्याने. वर आलेला मोती दोघांचा.

म्हातारा फरामर्ज वीस वर्षं सुवैदची दोरी धरत होता. सुवैदचा दम कुठवर टिकतो, हे सुवैदच्या बायकोलाही नसेल इतकं त्याला ठाऊक होतं.

पुढे समुद्रातल्या एका खडकावरून सुलतानाचं आणि शहाचं बिनसलं. खडक तो केवढा, तर चार पक्षी बसले की पाचव्याला जागा नाही. पण राजांचा मान त्याहून मोठा असतो. दोन्हीकडून लढाऊ गलबतं निघाली आणि मोत्यांच्या चाळीस होड्या नेमक्या मध्ये सापडल्या.

शहाचा सरदार ओरडला, "आपली माणसं इकडे या. दोऱ्या सोडा."

फरामर्जने दोरी काही सोडली नाही. "सरकार, माणूस खाली आहे," तो म्हणाला.

"तो शत्रूचा माणूस आहे."

"असेल. पण खाली आहे तोवर तो माझा आहे."

पलीकडे सुलतानाच्या तिरंदाजांनी फरामर्जवर नेम धरला. पण बाण सोडायचा कसा? दोरीवाला पडला, तर त्यांचाच माणूस तळाशी राहणार होता.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. फरामर्जने सुवैदला वर ओढलं. होडीची कड धरून सुवैदने ते रोखलेले बाण पाहिले.

"पोरा, तू आपल्या लोकांत जा," फरामर्ज म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होईल."

आपण गेलो, की पहिला बाण या म्हाताऱ्याला लागणार, हे सुवैदला कळून चुकलं. त्याचा जीव कळवळला.

"चाचा, दोरी नीट धरा," तो म्हणाला. छाती भरून श्वास घेतला आणि त्याने पुन्हा बुडी मारली.

शेजारच्या होडीतल्या पाणबुड्याने ते पाहिलं आणि तोही खाली गेला. मग तिसरा, चौथा, सगळेच. एक वर आला की दुसरा खाली. उन्हं कलली, तरी पाण्याखाली कुणी ना कुणी होताच. बाण सोडावा तर आपलीच माणसं जाणार, म्हणून दोन्हीकडचे सरदार ताटकळून माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हाही तेच. शेवटी राजांनी वकील पाठवले आणि त्या खडकावर कुणीच झेंडा लावायचा नाही असं ठरलं.

सुवैदला मात्र ताप भरला. त्याच्या कानांतून रक्त येत होतं. फरामर्ज पश्चिम किनाऱ्यावर जाऊन नऊ दिवस त्याच्या उशाशी बसला. 'तू इथे कसा' असं त्याला त्या गावात कुणी विचारलं नाही. दहाव्या दिवशी सुवैदने डोळे उघडून पेज मागितली.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्यांचा श्वास एकमेकांच्या हाती आहे, त्यांनी एकमेकांना जपावं, त्यातच दोघांचं जगणं आहे.